आठवड्याला एक घर

शेहेचाळीस वर्षं हैदराबादेत काढून मला तेलुगू वाचता येत नाही, ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितली नव्हती. बोलता येतं. भाजीवालीशी भांडता येतं, ऑफिसात तेलुगूत रजा मागता येते, आणि नाकारली गेली तर तेलुगूतच वाईट वाटून घेता येतं. पण ती गोल गोल अक्षरं समोर आली की मी चष्मा पुसायला घेतो. पुसून होईपर्यंत कुणीतरी मोठ्यानं वाचतंच. एवढ्या एका युक्तीवर माझी शेहेचाळीस वर्षं इज्जतीत गेली. पंच्याण्णव सालच्या दसऱ्यानंतर ती पहिल्यांदा फसली, आणि फसली ती आबांच्या मोटारीच्या काचेवर.

आबा म्हणजे माझे वडील, एकनाथराव रेंगे, निवृत्त नायब तहसीलदार, वय अठ्ठ्याहत्तर. मोटार म्हणजे नल्लकुंट्याच्या आमच्या गल्लीत, आमच्या फाटकासमोर आठ वर्षं एका जागी उभी असलेली काळी फियाट. तिच्या मागच्या खिडक्यांना अजून पडदे होते. जुन्या जमान्यात इथल्या अंमलदारांच्या बायका पडद्याच्या मोटारीतूनच जात, मग त्या हिंदू असोत की मुसलमान. माझी आई, कुसुमताई, त्या पडद्याआड बसून वीस वर्षं हैदराबाद हिंडली आणि तिला चारमिनार कुठल्या बाजूला येतो हे अजून सांगता येत नाही. मोटारीला ती ‘माझी सवत’ म्हणायची. सवतीला दसऱ्याला झेंडूची माळ मात्र तीच घालायची.

आबा रोज सकाळी नऊ वाजता शेरवानीची सगळी बटणं लावून, टोपी घालून, उर्दू पेपर घेऊन त्या बंद मोटारीत स्टिअरिंगमागं जाऊन बसत आणि अकराला परत येत. हसू नका. दोन वर्षांपूर्वी त्यांना झटका आला तेव्हा चिक्कडपल्लीच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन बजावलं होतं, “यांना रोज घराबाहेर काढा. एकदा अंथरूण धरलं की उठायचे नाहीत.” आता आबांना बाहेर काढायचं कसं? पायी फिरणं त्यांना मंजूर नव्हतं. “तहसीलदार पायी दिसला की रयत समजते, सस्पेंड झाला,” असं ते म्हणत. रयत कुठली, आणि आता सस्पेंड करणार कोण, हे विचारायची माझी छाती नव्हती. माझं नाव हिम्मतराव आहे, त्याला मी काय करू? ते ठेवताना मला कुणी विचारलं नव्हतं. सांगायचं एवढंच की मोटार होती म्हणून आबा रोज उठत होते, आणि ती गेली तर उठायचं कारण जाणार होतं.

दसऱ्यानंतर दोन दिवसांनी मोटारीच्या पुढच्या काचेवर एक पिवळा कागद चिकटलेला दिसला. त्या दिवसांत केबल टीव्हीवाले दिसेल तिथं कागद चिकटवायचे. विजेचा खांब, दवाखान्याची भिंत, एकदा तर आमच्या दुधाच्या पिशवीवर. मी चष्मा पुसला. वाचणारं कुणी आलं नाही. केबलचाच असणार, असं ठरवून मी तो काढायला गेलो तर आबा म्हणाले, “राहू दे रे. ऊन डोळ्यावर येत नाही.” आणि तो कागद सहा दिवस तसाच राहिला, आबांच्या डोळ्यांवर सावली धरून.

सहाव्या दिवशी शेजारचे लक्ष्मय्या गारू (इथलं ‘गारू’ म्हणजे आपलं ‘साहेब’) फाटकाशी आले. रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेला हा अतिशय सज्जन माणूस आहे, पण सल्ला दिल्याशिवाय त्यांना जेवण जात नाही. “मग हिम्मतराव गारू, उद्या काय करणार?” त्यांनी विचारलं.

“कशाचं?”

“त्या कागदाचं. तुम्ही वाचला ना?”

“वाचला तर! म्हणजे काय, वाचला.” मी चष्मा काढला. “पण तुम्हाला त्यात विशेष काय वाटलं, ते तुमच्या तोंडून ऐकायचंय.”

लक्ष्मय्या गारूंना हा मान वाटला. त्यांनी सगळा कागद मला समजावून दिला. म्युनिसिपालिटीची नोटीस होती. रस्त्यावर सात दिवसांपेक्षा जास्त एकाच जागी उभं असलेलं, चालू नसलेलं वाहन हे बेवारस समजण्यात येईल. मालकानं सात दिवसांत ते हलवावं किंवा वॉर्ड ऑफिसात हजर व्हावं. नपेक्षा लॉरी येऊन ते अंबरपेठच्या मैदानात नेऊन टाकेल. “उद्या सातवा दिवस,” ते म्हणाले.  बेवारस! आत शेरवानी घातलेला वारस रोज दोन तास बसतो आणि म्हणे बेवारस.

तक्रार कुणी केली हे मी शोधलं नाही, ते आपोआप कळलं. पाच नंबरच्या घरात पुण्याहून आलेलं जोडपं भाड्यानं राहात होतं, मिलिंद आणि ज्योती. तो कॉम्प्युटरच्या कंपनीत. नवी कोरी पांढरी मारुती घेतली होती आणि गल्लीच्या वरच्या टोकाला ती वळवताना आमची मोटार आड येई. तो स्वतःच म्हणाला, “हो काका, मीच पत्र दिलं. नियम आहे तर तो पाळला गेला पाहिजे, नाही का? यात वैयक्तिक काही नाही.” पुण्याच्या माणसाचं हेच मला परेशान करतं. तो तुमचं घर उन्हात बांधेल, पण त्यात वैयक्तिक काही नसतं.

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून मी वॉर्ड ऑफिसात गेलो. इन्स्पेक्टर यादगिरी म्हणून होते. खिशात कायम खडू, कानावर पेन्सिल. त्यांनी मला बसवून चहा पाजला आणि कायदा सांगितला. गाडी चालू आहे असं सर्टिफिकेट आणलं तर नोटीस रद्द. सर्टिफिकेटासाठी गाडी तपासणीला न्यायला हवी. चालत नसली तर ओढून न्यायची. बंद गाडी रस्त्यावरून ओढून न्यायला परवानगी लागते. परवानगी कशावर मिळते? तर गाडी चालू असल्याच्या सर्टिफिकेटावर. मी त्यांना म्हणालो, “साहेब, हे तर फिरून फिरून भोपळे चौकात झालं.” ते शांतपणे म्हणाले, “हौ साब. भोत लोगां ऐसाच बोलते.” मग त्यांनीच मार्ग सुचवला, की मालकाचा अर्ज आणा, त्याच्यावर विचार करू.

मालक आबा. त्यांना अर्जाचं सांगितलं तर दोन वर्षांत पाहिला नव्हता एवढा उजेड चेहऱ्यावर आला. दौत, टाक, जाड कागद, सगळं बाहेर निघालं. आबांचं शिक्षण निजामाच्या राज्यातलं, उर्दूतलं. मराठी ते बोलतात, पण सरकारला लिहायचं म्हणजे उर्दूतच. दोन तास दरवाजा लावून त्यांनी दरखास्त लिहिली. अक्षर असं की कागद भिंतीला टांगावा. मी अर्थातच एक ओळ वाचू शकलो नाही. म्हणजे नोटीस तेलुगू, उत्तर उर्दू, आणि मधल्यामध्ये मी, दोन्हीकडचा निरक्षर!

वॉर्ड ऑफिसात तो कागद या टेबलावरून त्या टेबलावर फिरला. कुणालाच वाचता येईना. शेवटी रेकॉर्डच्या खोलीतून एका म्हाताऱ्या दफ्तरीला बोलावलं. त्यानं चष्मा लावला, गळा साफ केला आणि वाचायला लागला. पहिल्या चार ओळी ऐकूनच टाइपरायटर थांबले. “क्या ज़बान है साब,” म्हणून तो मध्येच डोळे पुसायला थांबला. माझी छाती फुगली. म्हटलं, आता बघा.

आणि मग पाचवी ओळ आली. दफ्तरीनं वाचलं, “सच तो यह है कि यह मोटर आठ बरस से अपनी जगह से नहीं हिली। और फ़िदवी भी नहीं हिला।”

फिदवी म्हणजे अर्जदार. म्हणजे आबा.

  सरकारी कागदावर खोटं लिहायचं नाही, ही आबांची जन्माची सवय. त्या सवयीपायी त्यांनी स्वतःच्या सहीनं मोटार बंद असल्याचं कबूल करून टाकलं होतं. अर्ज तिथंच निकालात निघाला. पण खरं सांगतो, मला मोटारीचं एवढं लागलं नाही. रोज नऊ ते अकरा मी त्यांना बाहेर काढत होतो, असं मला वाटत होतं. आणि आबांच्या हिशोबी ते आठ वर्षं जागचे हललेलेच नव्हते. मला तिथंच रडू आलं असतं. ऑफिस होतं म्हणून चष्मा पुसला.

यादगिरी मला सोडायला दारापर्यंत आले. हळू आवाजात म्हणाले, “साब, नियम में क्या है? एकच जगा पे, सात दिन। मैं क्या करतूं, टायर के नीचे खडू का निशान मारतूं। अगले हफ्ते गाडी निशान पे नई मिली, तो मेरेकू क्या मालूम चलती की नई चलती?”

घरी आलो तो पाय जमिनीवर नव्हते. आमची गल्ली वरून खाली मुख्य रस्त्याकडे उतरते. आमचं घर सगळ्यात वर, एक नंबर. शेवटचं बारा नंबर, रस्त्याच्या तोंडाशी. दर रविवारी मोटार एक घर खाली ढकलायची. माझी बायको अलका म्हणाली, “आणि बारा झाल्यावर?” बायकांचा हाच दोष आहे. त्यांना शेवटचं आधी दिसतं.

पहिल्या रविवारी सकाळी सातला आम्ही जमलो. मी, लक्ष्मय्या गारू आणि गल्लीतले चार-पाच जण. आबा शेरवानीत, स्टिअरिंगवर. टायरमधल्या हवेपासून देवाच्या नारळापर्यंत सगळं झालं. लक्ष्मय्या गारूंनी रेल्वेतली शिट्टी आणली होती. ती वाजली आणि आम्ही जोर लावला. आठ वर्षांची गंजलेली मोटार आधी करकरली, मग हलली, आणि मग अशी हलली की आमच्या हातांना ती लागेचना. दोन नंबर गेलं. लक्ष्मय्या गारूंच्या दारातली मुग्गूची रांगोळी गेली. तीन नंबर गेलं. फाटकातून इंदुताई, शाळेतून निवृत्त झालेल्या बाई, हातात दुधाचं पातेलं घेऊन नुसत्या बघत राहिल्या. आम्ही “आबा, ब्रेक! ब्रेक!” ओरडत मागं धावत होतो. चार नंबरसमोर मोटार शांतपणे थांबली.

मी धापा टाकत खिडकीशी गेलो. “आबा, ब्रेक लागले नाहीत का?”

“लागत होते,” आबा समोर बघत म्हणाले. “मी लावले नाहीत.”

बारातली दोन घरं एका झटक्यात खर्ची पडली होती. पण आबांकडं पाहून मी हिशोब सोडून दिला. त्यांच्या कानशिलावर वारा लागलेला दिसत होता.

दुसऱ्या रविवारी मोटार पाच नंबरसमोर, म्हणजे थेट मिलिंदच्या दारात जायची होती. मी मनात भांडणाची तयारी करून गेलो. मिलिंद फाटकात हाताची घडी घालून उभा. आमचं ढकलणं त्यानं दोन मिनिटं पाहिलं, आणि त्याला ते सोसवेना. “अहो काका, असं नसतं ढकलायचं! सगळे एकाच बाजूला काय उभे राहिलात? आणि चाकामागं दगड धरायला कोण आहे?” त्यानं बाह्या सरसावल्या. पुढच्या रविवारी तो कॉम्प्युटरवर काढलेला, दोन्ही कडांना भोकं असलेला लांबलचक कागद घेऊन आला: कुठल्या रविवारी कुठलं घर, कुणी डावीकडं, कुणी उजवीकडं, दगड कोण, शिट्टी कोण, चहा कुणाकडं. तक्रार यानंच केली होती, हे तो विसरला असावा, किंवा त्यात वैयक्तिक काही नसावं. मला विचाराल तर त्याला नियम मोडलेला चालत होता, अव्यवस्थित ढकललेलं चालत नव्हतं.

आणि मग एक गोष्ट झाली जी कुणाच्याच ध्यानीमनी नव्हती. दोन वर्षं आबा आमच्याच फाटकासमोर बसत होते तेव्हा त्यांच्याकडं कुणी पाहिलं नव्हतं. आता ते आठवडाभर दुसऱ्याच्या दारात बसू लागले. दारात आलेल्या माणसाला चहा विचारावा लागतो. चार नंबरनं पेसरट्टू, म्हणजे मुगाचा डोसा, दिला. पाच नंबरच्या ज्योतीनं साबुदाण्याची खिचडी, तीही साखर घालून. आबांनी ती न बोलता संपवली, ही तहसीलदारी. सहा नंबरच्या माणसानं ट्रंकेतून आजोबांच्या जमिनीचे जुने कागद काढून आणले. सगळे उर्दूत, घरात कुणालाच वाचता येत नव्हते. आबांनी ते खिडकीतून घेतले आणि बांध, विहीर, आंब्याची झाडं धरून सगळी जमीन त्याला वाचून दाखवली. तो माणूस नमस्कार करून गेला आणि दुपारी मेव्हण्याचे कागद घेऊन आला. सात नंबरपर्यंत मोटारीला रांग लागायला लागली. आबा अकराऐवजी साडेबाराला उठू लागले. यादगिरी दर शनिवारी येत, जुनी खूण रिकामी आहे हे पाहात, नव्या जागी खडूनं रेघ मारत, आणि एक कप चहा पिऊन जात. तीन नंबरच्या इंदुताई मात्र माझ्याशी बोलेनाशा झाल्या. “आमचं घर ओलांडून गेलात,” त्या आईला म्हणाल्या. “आम्ही काय पाप केलं होतं?”

पण उतार कुणासाठी थांबत नाही. डिसेंबरात मोटार बारा नंबरला पोचली. पुढं मुख्य रस्ता, बसेस, ऑटो. मिलिंदचा कागदही संपला होता. पुन्हा वर ढकलत न्यायचं असं आम्ही ठरवलं, आणि नऊ माणसांनी जोर लावून ती अकरा नंबरच्या फाटकापर्यंतही गेली नाही, घसरून परत आपल्या जागी आली. लक्ष्मय्या गारू खाली बसले, माझी कंबर धरली, मिलिंदच्या बुटाचा तळ सुटला. यादगिरी पुढच्या शनिवारी आले, खूण पाहिली, मोटार तिच्यावरच. पुढं केलेला चहा त्यांनी घेतला नाही. “साब, अब मेरे हात में नई,” ते म्हणाले.

नाताळच्या सुट्टीत लॉरी आली. आबांनी स्वतः सही केली, किल्ली यादगिरींच्या हातात दिली. आई पुढं आली, सवतीला हळदकुंकू लावलं आणि मागच्या खिडक्यांचे पडदे काढून घडी घालून काखेत धरले. “बिनपडद्याची जा गं बया,” ती मोटारीला म्हणाली, “तू तरी बघ शहर.” लॉरी वळेपर्यंत आबा उभे राहिले. मग घरी आले, शेरवानी खुंटीला लावली आणि पलंगावर आडवे झाले.

सोमवारी उठले नाहीत. मंगळवारी पेपर तसाच पडून राहिला. बुधवारी डॉक्टर आले. त्यांनी मला पुन्हा बाजूला घेतलं, पण या वेळी काही बजावलं नाही, नुसता खांद्यावर हात ठेवला. गुरुवारी मी आबांना म्हणालो, अंगणात तरी चला. त्यांनी भिंतीकडं तोंड केलं. शुक्रवारी, शनिवारी मी ऑफिसला गेलो नाही. त्यांच्या उशाशी बसून त्यांचा उर्दू पेपर उलटासुलटा करत होतो. आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, निदान हा तरी वाचता यायला हवा होता. चार ओळी वाचून दाखवल्या असत्या.

रविवारी सकाळी सातला शिट्टी वाजली.

मी दार उघडलं. फाटकात लक्ष्मय्या गारू, शिट्टी तोंडात. मागं मिलिंद, नवा भोकांचा कागद घेऊन. सहा नंबरवाले, चार नंबरवाले, सगळे आपापल्या जागी, डावीकडचे डावीकडं, उजवीकडचे उजवीकडं. मध्ये जिथं मोटार असायची तिथं एक वेताची खुर्ची होती. इंदुताईंची.

“आबा उठले नाहीत अजून?” मिलिंदनं घड्याळ पाहिलं. “सात वाजून चार मिनिटं झाली. आज तीन नंबर आहे. त्यांचा आठवडा बाकी राहिला होता.”

 मी मागं वळलो तर आबा पलंगावर उठून बसले होते. शिट्टी त्यांनी ऐकली होती.

“काय म्हणतोय तो?”

“तीन नंबर म्हणतोय, आबा. इंदुताईंकडं. पण...” मी चाचरलो. “मोटार नाही. पायी जावं लागेल.”

आबांनी माझ्याकडं असं पाहिलं जसं हाताखालच्या एखाद्या नालायक गिरदावराकडं पाहात असतील. “दोन घरांसाठी मोटार कशाला लागते रे?” ते म्हणाले. “शेरवानी दे.”

बटणं या वेळी आईनं लावली. एकेक करून सगळी. मग ते निघाले. मी दंड धरायला गेलो, त्यांनी झटकला. पुढं शिट्टी, मागं रिकामी खुर्ची उचललेले चौघं, आणि मध्ये आबा पायी, सगळ्या रयतेच्या देखत. तीन नंबरच्या फाटकाशी उन्हात खुर्ची ठेवली. इंदुताईंनी पोहे आणले आणि माझ्याशी बोलल्यासुद्धा. आईनंही आपलं स्टूल ओढत आणलं आणि आबांच्या शेजारी, उघड्यावर, पडद्याशिवाय बसली. “हे काय, दिसतं की सगळं,” ती म्हणाली.

आठ वाजता यादगिरी मोटारसायकलवरून आले. रविवारी त्यांना काही काम नव्हतं. आबांना पाहून ते उतरले, सलाम केला, खिशात हात घातला आणि खाली बसून खुर्चीच्या चारी पायांभोवती खडूनं रेघ मारली. अगदी नीट, नियमाप्रमाणं.

“सात दिन, साब,” ते म्हणाले. “इसके बाद एकच जगा पे मिले तो उठाके ले जातूं।”

आबांनी पेपर खाली घेतला आणि रेघेकडं पाहिलं.

“लिख लो, इन्स्पेक्टर,” ते म्हणाले. “अगले इतवार फ़िदवी यहां नहीं मिलेगा।”

यादगिरींनी कानावरची पेन्सिल काढली आणि खरंच लिहून घेतलं.